हेल्मेटच्या आधी टेकू बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिव्हिलची पदवी घेऊन वर्षभर झालेले एक तरुण इंजिनिअर पुण्याजवळ सात मजली इमारतीच्या साइटवर आहेत. रोज चाळीस-पन्नास माणसं कामाला असतात. हेल्मेट घाला म्हटलं तर घालत नाहीत, बेल्ट गोडाऊनच्या कोपऱ्यात पडून असतात. ठेकेदार म्हणतो, "ही माणसंच बेफिकीर आहेत साहेब, तुम्ही कशाला डोकं लावता?" पुढच्या आठवड्यात चौथा स्लॅब आहे. या माणसांना शिस्त कशी लावायची आणि नेमकं लक्ष कुठे द्यायचं, असं त्यांनी विचारलं आहे.

माझी नोकरी सगळी साइटवरच झाली, त्यातला उत्तरार्ध सुरक्षा अधिकारी म्हणून. त्या अनुभवावरून सांगतो, शिस्त माणसांना नंतर लावा, आधी तात्पुरत्या कामांना लावा.

इमारतीच्या कॉलम, बीम, स्लॅबचं ड्रॉइंग असतं. सळई किती मिलिमीटरची, रिंगा किती अंतरावर, सगळं कागदावर असतं, खाली आरसीसी कन्सल्टंटची, म्हणजे इमारतीचा सांगाडा डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरची, सही असते. पण ती इमारत उभी करताना माणसं ज्यावर चढतात, ज्याखाली उभी राहतात, ज्यात उतरतात, त्याचं काय? परांची, सेंटरिंग (म्हणजे काँक्रीट घट्ट होईपर्यंत स्लॅबला खालून धरणारे साचे आणि टेकू), खड्ड्याच्या कडेचा आधार, माल चढवायची लिफ्ट, उघड्यावरचं वायरिंग, मजुरांच्या झोपड्या, यांचं ड्रॉइंग लहान साइटवर कुणाकडेच नसतं. बिलात त्यांची वेगळी बाब नसते. कुणी उभं करायचं ते ठरलेलं असतं, कुणी तपासायचं ते ठरलेलं नसतं. आणि माणसं बहुतेक तिथेच मरतात.

आपल्याकडचेच अपघात आठवा. २९ जुलै २०१६ ला बालेवाडीत वरच्या मजल्याचा स्लॅब टाकताना कोसळला, ९ मजूर गेले. २९ जून २०१९ ला कोंढव्यात पावसात शेजारच्या सोसायटीची सीमाभिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडली, झोपेतच लहान मुलांसह १५ जण गेले. ३ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री येरवड्यात स्लॅबसाठी बांधलेली सळयांची जाळी कोसळून ५ मजूर गेले. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटेपूर्वी शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारं अवजड यंत्र (गर्डर लाँचर) कोसळलं, २० जण गेले. त्याच वर्षी १० सप्टेंबरला ठाण्यात बाळकूमला ४० मजली इमारतीची बांधकामाची लिफ्ट खाली आली, ७ कामगार गेले. यातल्या एकाही ठिकाणी पुरी झालेली, रहिवाशांच्या ताब्यात दिलेली इमारत पडलेली नाही. कोंढव्यातली भिंत तेवढी कायमची होती, पण तिच्या पायथ्याशी माणसं झोपवायचा निर्णय कामापुरताच होता. आणि या सगळ्या जागी प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट असतं, तरी फार फरक पडला नसता.

हेल्मेट नको असं मी म्हणत नाही. हेल्मेटपासून सुरुवात केली की इंजिनिअरला आपण सुरक्षा बघितली असं वाटतं आणि खरी पाहणी राहून जाते, एवढंच सांगतो आहे.

तुमचा स्लॅब तोंडावर आहे म्हणून सेंटरिंगबद्दल सविस्तर लिहितो.

आधी हिशेब करा. दीडशे मिलिमीटर जाडीच्या स्लॅबचं ओझं दर चौरस मीटरला सुमारे ३७५ किलो. तीन बाय चार मीटरच्या साध्या खोलीवर साडेचार टन ओलं काँक्रीट. त्यावर माणसं, व्हायब्रेटर, पंपाचे पाइप, आणि पाइपाच्या तोंडाशी साचणारा ढीग. पहिले कित्येक तास त्या काँक्रीटला स्वतःची ताकद काहीच नसते, सगळा भार खालच्या टेकूंवर. स्लॅबचं सळईकाम तपासायला कन्सल्टंटचा माणूस येतो, वर उभा राहतो, कवर, म्हणजे सळईवर किती काँक्रीट येणार ते, बघतो, फोटो काढतो आणि जातो. खाली वाकून टेकूंच्या जंगलात शिरणारं कुणी नसतं. ते काम तुम्ही करा. हातात टॉर्च आणि ओळंबा घ्या, मुकादमाला बरोबर घ्या.

टेकूच्या बुडाशी बघा. विटेचा तुकडा, फुटक्या फरशीचा तुकडा, प्लायचे चार थर असं काही लावून उंची साधलेली असेल तर ते काढायला लावा. जॅक, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारा लोखंडी टेकू, कमी पडत असेल तर मोठा जॅक आणायचा. तळमजल्यावर टेकू भरावाच्या मातीवर असतील तर खाली जाड फळी हवीच, कारण वरून झिरपलेलं पाणी त्याच मातीत उतरतं आणि टेकू इंचभर खचतो. एक टेकू खचला की त्याचा भार शेजारच्या चौघांवर जातो. मग जॅकची पिन बघा. मूळ पिन हरवली की भोकात बारीक सळईचा तुकडा घालतात. त्या तुकड्यावर हात ठेवून बघा, कित्येकदा तो आधीच वाकलेला सापडतो. तसा एक सापडला तर त्या मजल्यावरचे सगळे तपासायचे, कारण पिना गोणीनं हरवतात, एकेक नाही.

लोखंडी जॅकऐवजी बल्ल्या, म्हणजे लाकडी खांब, असतील तर जोडबल्ली शोधा. पोर्च, लॉबी, पोडियम अशा जादा उंचीच्या जागी एक बल्ली पुरत नाही, मग दोन बल्ल्या एकावर एक ठेवून बाजूनं दोन पट्ट्या खिळ्यांनी ठोकतात. जोड बरोबर मधोमध येतो, म्हणजे जिथे बल्ली वाकायला बघते तिथेच. साडेतीन मीटरच्या वर उंची गेली की जोडबल्लीवर स्लॅब टाकायचा नाही. तिथे पाइपांची किंवा कपलॉकची (कपांत अडकवून जोडायच्या पाइपांची) चौकट लागते, आडव्या आणि तिरप्या बांधणीसकट. तिरपी बांधणी, म्हणजे ब्रेसिंग, हीच सगळ्यात आधी गाळली जाते, कारण तिच्याशिवायही सेंटरिंग उभं राहिलेलं दिसतं. उभं ते राहतंच. पंपाचा दणका बसून सगळं एका बाजूला सरकतं तेव्हा ती लागते.

काँक्रीट ओतताना ढीग होऊ देऊ नका. पंपवाला घाईत असतो, पुढची गाडी खाली उभी असते, तो एका जागी मीटरभर उंच ढीग करतो आणि मजूर फावड्यानं पसरत बसतात. ढीग म्हणजे तेवढ्या जागी नेमलेल्या ओझ्याच्या पाच-सहा पट. पाइप हलवत राहायचा, हे पंपवाल्याला ओतायच्या आधी सांगा. ढीग पाठीमागे पडल्यावर सांगून उपयोग नसतो.

आणखी एक प्रथा. स्लॅब चालू असताना एक सेंटरिंगवाला खाली ठेवतात, कुठे प्लेट (साच्याचा पत्रा) सुटली, स्लरी (सिमेंटचं पाणी) गळाली तर ठोकायला. प्रथा चुकीची नाही, पण त्या माणसाला कुणी सांगत नाही की टेकू कण्हायला लागला, लाकूड फाटल्याचा आवाज आला, तर पाचर मारायला पुढे जायचं नाही. ओरडायचं आणि बाहेर पळायचं. त्याची बाहेर पडायची वाट भंगार, प्लेटा, सळया यांनी अडलेली नसावी. वर शिट्टी घेऊन एक माणूस उभा करा. शिट्टी झाली की पंप बंद. एवढं एकच जरी पुढच्या आठवड्यात केलंत तरी मोठं काम झालं.

आता टेकू काढायचं. आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक, त्यातली मुदत पाठ असू द्या. स्लॅबच्या प्लेटा ३ दिवसांनी काढता येतात, पण टेकू लगेच पुन्हा लावायचे असतील तरच. साडेचार मीटरपर्यंत गाळा (दोन आधारांमधलं अंतर) असलेल्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस. बीमचे सहा मीटरपर्यंत १४ दिवस, पुढे २१. ही मुदत साध्या सिमेंटची आणि बऱ्या हवेची. फ्लायअॅश किंवा स्लॅग मिसळलेलं सिमेंट असेल, थंडी असेल, तर आणखी थांबायचं. प्रत्यक्षात चौथ्या-पाचव्या दिवशी टेकू का निघतात? ठेकेदाराकडे प्लेटा आणि जॅकचा एकच संच असतो, तोही भाड्याचा. त्याचा दर चौरस फुटावर ठरलेला असतो. संच जेवढा लवकर वरच्या मजल्यावर जाईल तेवढं भाडं वाचतं. कामगाराची बेफिकिरी या गणितात कुठेच येत नाही. वरचा स्लॅब टाकताना खालच्या निदान दोन मजल्यांना टेकू असले पाहिजेत, कारण खालचा स्लॅबही अजून कोवळाच असतो. म्हणजे संच तीन लागतील. हे ठेका देताना ठरवायचं असतं. चौथ्या स्लॅबला भांडण काढून ते जमत नाही, तरी निदान या वेळी मागचे टेकू किती राहिलेत ते मोजून घ्या.

येरवड्यातली जाळी हा वेगळा प्रकार, आणि तो फार कमी लोकांना धोका वाटतो. जाड राफ्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या सलग स्लॅबसारख्या पायात, सळयांचे दोन थर असतात, खालचा आणि वरचा. वरचा थर काही टनांचा असतो आणि तो फक्त चेअरवर, म्हणजे वाकवलेल्या सळयांच्या घोड्यांवर उभा असतो. फिटर मधल्या पोकळीत वाकून बांधणी करत असतात. चेअर बारीक असतील, लांब अंतरावर असतील, आडव्या ढकलीला आधार नसेल, तर वरचा थर पत्त्यांच्या बंगल्यासारखा एका दिशेला झोपतो आणि आतल्या माणसाला सुटायला जागा राहत नाही. चेअरचा व्यास आणि अंतर ड्रॉइंगवर मागून घ्या. कन्सल्टंटनं दिलं नसेल तर लेखी विचारा. आणि वरच्या जाळीवर सळयांचे बंडल क्रेननं एकाच जागी उतरवू देऊ नका.

आता उघडी भोकं. माझ्या कामाच्या एका साइटवर घडलेलं सांगतो. डक्टचं, म्हणजे पाइप वरखाली न्यायला सोडलेलं, भोक प्लायनं झाकलेलं होतं, खिळे मारलेले नव्हते. बिहारकडचा एक तरुण बिगारी, सांगितलं म्हणून रिकाम्या प्लाय गोळा करत होता. प्लाय मोठी, त्यानं ती दोन्ही हातांनी छातीसमोर उभी उचलली. समोरचं काही दिसत नव्हतं. एक पाऊल पुढे टाकलं आणि प्लायखाली जे भोक होतं त्यातच गेला, तीन मजले खाली. नंतर प्रत्येकजण म्हणाला, बघून चालायला नको का. बघायचं काय होतं? त्या प्लायवर काही लिहिलेलं नव्हतं, ती बाकीच्या प्लायसारखीच दिसत होती. सैल झाकण उघड्या भोकापेक्षा वाईट, कारण उघडं भोक निदान दिसतं. झाकण जागेवर खिळे मारून घट्ट बसवायचं आणि लाल रंगानं त्यावर मोठ्ठं "भोक" लिहायचं, हिंदीतही लिहायचं. त्याहून उत्तम म्हणजे डक्टच्या भोकात सळयांची जाळी स्लॅबबरोबरच ओतून ठेवायची आणि प्लंबिंगच्या वेळी कापायची. खर्च जवळपास काहीच नाही. लिफ्टच्या खड्ड्याला प्रत्येक मजल्यावर कमरेच्या वर येईल असा पक्का कठडा हवा. नायलॉनची दोरी आणि त्यावर लटकवलेली लाल पट्टी म्हणजे कठडा नव्हे.

बेल्टचं तुम्ही विचारलंय. बेल्ट का घालत नाहीत? अडकवायला जागाच नसते म्हणून. मजूर बेल्ट घालून स्लॅबच्या कडेला उभा राहिला तर हूक कशाला लावणार? बहुतेक जण ज्या परांचीवर उभे असतात तिच्याच पाइपाला लावतात, किंवा कॉलमच्या उघड्या सळईला. शिवाय गणित बघा. दोरी १.८ मीटर, झटका शोषणारा भाग उघडला की आणखी दीड-पावणेदोन मीटर, माणसाची उंची, थोडी सुरक्षित जागा, असं मिळून खाली जवळजवळ सहा मीटर मोकळे लागतात. एका मजल्याची उंची तीन मीटर. म्हणजे खालच्या स्लॅबवर माणूस आपटल्यावर बेल्ट ताणला जाणार. म्हणून स्लॅबच्या कडेला बेल्टपेक्षा कठडा महत्त्वाचा. सुमारे एक मीटर उंचीवर एक पाइप, मधे एक, आणि खाली दीडशे मिलिमीटरची पाटी, म्हणजे पाना-पक्कड घरंगळून खाली जाणार नाही. तीस मीटरवरून सुटलेली वस्तू खाली पोचते तेव्हा तिचा वेग ताशी ८५ किलोमीटरच्या पुढे असतो. बाहेरच्या प्लास्टरला, गच्चीवरून टांगलेल्या झुल्यावर, बेल्ट लागतोच, आणि तिथे त्याचा हूक झुल्याला लावायचा नाही. गच्चीवरून सोडलेल्या स्वतंत्र दोराला लावायचा.

परांचीबद्दल थोडक्यात. बांबूची परांची वाईट आणि पाइपाची चांगली, असं नसतं. जाणकार माणसानं बांधलेली बांबूची परांची मी पावसाळाभर टिकलेली बघितली आहे. बघायचं एवढंच: इमारतीला बांधलेली आहे का, फळ्या पूर्ण रुंदीच्या आहेत का, फळीची टोकं बाहेर लोंबत नाहीत ना, आणि चढायला शिडी आहे का. शिडी नसली की माणूस आडव्या बांबूंवरून चढतो, आणि डोक्यावर घमेलं असतं.

पायाचं काम तुमच्याकडे झालेलं असणार, पण सेप्टिक टँक, पाण्याची टाकी, ड्रेनेजचे चर बाकी असतील. दीड मीटरच्या खाली चर गेला की बाजू एक तर उतरत्या कापायच्या नाहीतर आधार द्यायचा. पुण्याकडचा मुरूम फसवतो. उन्हाळ्यात भिंतीसारखा उभा राहतो, लोकांना वाटतं दगडच आहे, आणि पहिल्या दोन पावसांत ढिसाळ होतो. काळ्या मातीत तर वाळताना भेगा पडतात आणि पाणी थेट आत शिरतं. खड्ड्याच्या कडेला समांतर भेग दिसली की सगळ्यांना वर काढा, मग विचार करा. खोदलेली माती कडेवरच टाकतात, ती निदान दीड मीटर लांब हवी. ओल्या मातीचा एक घनमीटर जवळपास दोन टन भरतो. छातीपर्यंत पुरलेल्या माणसाला श्वास घेता येत नाही. त्याला जेसीबीच्या बकेटनं काढायला जाऊ नका, हातानं काढा. आणि सीमेवरच्या शेजारच्या भिंतीचा पाया किती खोल आहे हे आधी एक खड्डा घेऊन बघा. तो आपल्या खोदाईच्या वर असला तर भिंत टेकूवर घ्या, आणि काहीही झालं तरी तिच्या खाली झोपड्या घालू देऊ नका.

विजेनं जातात ती माणसं एकेकटी जातात, म्हणून बातमी होत नाही. सॉकेटमध्ये वायरची उघडी टोकं काडेपेटीच्या काडीनं दाबून बसवलेली असतात, वायर सळयांच्या जाळीवरून ओल्या काँक्रीटमधून गेलेली असते, व्हायब्रेटर धरणाऱ्याचे पाय अनवाणी. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच), थ्री-पिन औद्योगिक प्लग, वायर जमिनीवरून उचलून टांगलेली, एवढ्यावर बहुतेक अपघात थांबतात. आरसीसीबी बसवला असेल तर त्याचं टेस्ट बटण सकाळी स्वतः दाबा. सारखा ट्रिप होतो म्हणून बायपास केलेला मी खूपदा पाहिला आहे. ट्रिप होतो म्हणजे गळती आहे, ती शोधायची. आणि बाहेरून जाणाऱ्या ११ केव्हीच्या तारा बघा. सळई १२ मीटर लांब येते. गच्चीवर दोन माणसं ती वळवायला लागली की तिचं टोक कुठे जातं हे त्यांना दिसत नाही. सांगली, सोलापूर, नाशिक कुठेही जा, गुंठेवारीतल्या घरांवर असेच अपघात होतात. तारांजवळच्या बाजूला सळई उचलायचीच नाही, खालीच कापून वर न्यायची, किंवा महावितरणकडून त्या तारांची वीज बंद ठेवल्याचं लेखी घेऊन काम करायचं.

बंद टाकीकडे विशेष लक्ष द्या. जमिनीतली पाण्याची टाकी ओतून झाली, आठ-पंधरा दिवस झाकून राहिली, मग आतल्या प्लेटा काढायला माणूस उतरतो. ओलं लाकूड कुजताना आणि लोखंड गंजताना आतला ऑक्सिजन खातं. वास येत नाही, डोळ्यांना काही दिसत नाही. पहिला माणूस खाली जाऊन कोसळतो. वरचा त्याला काढायला उतरतो, तोही कोसळतो, मग तिसरा. एकाच टाकीत भाऊ-भाऊ, बाप-लेक गेल्याच्या बातम्या याच कारणाने येतात. दोन्ही झाकणं उघडून ब्लोअर निदान काही तास चालू ठेवायचा, गॅस मीटरनं तपासायचं, उतरणाऱ्याच्या अंगावर बेल्ट आणि दोर, दोराचं टोक वरच्या माणसाच्या हातात. मेणबत्ती सोडून बघणं ही तपासणी नव्हे, आत ज्वलनशील वायू असला तर तीच स्फोट करेल. आणि एक माणूस आत पडला तर श्वसनाचं उपकरण नसलेल्या कुणीही उतरायचं नाही. हे अपघाताच्या क्षणी कुणाला पटत नाही, म्हणून रोजच्या बोलण्यात आधीच सांगून ठेवा.

माल चढवायच्या लिफ्टवर माणसं चढतात का ते बघा. चढत असतील तर त्यांना ओरडण्याआधी जिना मोकळा आहे का, जिन्यात उजेड आहे का बघा. दोराच्या क्लँप निदान तीन हव्यात, आणि क्लँपचा खोगिरासारखा भाग भार घेणाऱ्या दोराच्या बाजूला हवा. निम्म्या साइटवर तो उलटा असतो. दोराच्या तारा तुटून काटे आले असतील तर दोर बदलायचा.

आता तुमच्या ठेकेदाराचं वाक्य घेऊ, की ही माणसंच बेफिकीर. मला हे वाक्य ऐकवत नाही. जो माणूस बिहारमधून, झारखंडमधून, आपल्या मराठवाड्यातून बायकापोरांसह येतो, मुकादमाकडून उचल घेऊन येतो, त्याला "मी या परांचीवर चढणार नाही" म्हणायची सोय कुठे आहे? तो नाही म्हणाला तर उद्या दुसरा येतो. रात्री बारापर्यंत स्लॅब ओतून सकाळी आठला पुन्हा कामावर उभा असलेला माणूस बेफिकीर नसतो, दमलेला असतो. शहरात दिवसा मिक्सरच्या गाड्यांना बंदी, म्हणून स्लॅब रात्री, ही अडचण खरी आहे. मग दुसऱ्या दिवशी त्या टोळीला सुट्टी द्यायची, हेही तितकंच खरं. मुलांचं तर विचारूच नका. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात पाळणाघर लागायचं तेही ५० च्या वर स्त्रिया असतील तिथे. तुमच्यासारख्या साइटवर दहा-बारा बाया असतात, त्यांची लेकरं वाळूच्या ढिगावर झोपतात आणि त्याच ढिगाकडे डंपर मागे येतो. उघडी टाकी, क्युरिंगचं पाणी साठवलेला हौद, सगळं त्यांच्या खेळण्याच्या वाटेवर. पत्र्याची एक खोली, एक बाई त्या मुलांकडे बघायला, तिची मजुरी साइटनं द्यायची. हे मी करून घेतलेलं आहे, मालकाला खर्च जाणवतही नाही.

कायद्याचीही नीट कल्पना असू द्या. सुरक्षा अधिकारी नेमायची सक्ती १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात ५०० कामगारांपासून पुढे होती. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार सुरक्षा संहितेत ती २५० वर आली. तुमची साइट दोन्हींत बसत नाही. म्हणजे तिथला सुरक्षा अधिकारी, पद नसलं तरी, व्यवहारात तुम्हीच. अपघाती मृत्यू झाला की भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवताना साइट इंजिनिअर आणि सुपरवायझर यांची नावं हमखास येतात. घाबरवण्यासाठी सांगत नाही. तुमच्याकडे जबाबदारी आहे, तर अधिकारही मागून घ्या, आणि लेखी मागा. साइट ऑर्डर बुक हे त्यासाठीच असतं. "चौथा स्लॅब: ब्रेसिंग अपुरी, पोर्चमध्ये जोडबल्ली, दुरुस्त केल्याशिवाय ओतू नये" असं तारीख-वेळ घालून लिहा, ठेकेदाराची सही घ्या, फोटो काढून मालकाला आणि कन्सल्टंटला पाठवा. आणि मिक्सरची ऑर्डर तुमच्या हातात असेल तर ती दुरुस्ती होईपर्यंत देऊ नका. गाड्या गेटवर आल्यावर स्लॅब थांबवायची हिंमत कुणालाच होत नाही, मलाही ती जड गेली आहे. गाडी निघायच्या आधीचं "नाही" सोपं असतं.

रोज सकाळी कामाला लागण्याआधी दहा मिनिटं टोळीसमोर उभे राहा. हिंदीत बोला. भाषण नको, आज कुठे काय उघडं आहे, क्रेन कुठे फिरणार, कुठल्या टाकीत कुणी उतरायचं नाही, एवढंच. आणि विचारा, काल कुणाला कुठे धोका वाटला? पहिले आठ दिवस कुणी बोलणार नाही. मग एखादा म्हातारा गवंडी सांगेल की मागच्या बाजूचा बांबू हलतोय. त्याच दिवशी तो बांबू बदला, सगळ्यांसमोर. त्यानंतर हेल्मेटसाठी ओरडावं लागत नाही. उन्हाळ्यात त्याच वेळी बघून घ्या की कोण उपाशीपोटी आलंय, कुणाला ताप आहे. त्याला वर पाठवू नका.

शेवटी एक काम जे तुम्ही या महिन्यात करू शकता. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे १८ ते ६० वयाच्या कामगाराची नोंदणी होते, मागच्या वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. नोंदणी असलेल्या माणसाचा कामावर मृत्यू झाला तर कुटुंबाला मंडळाकडून ५ लाखांची मदत आहे, शिवाय मुलांच्या शिक्षणाला, आजारपणाला वेगळ्या योजना. यासाठी बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर तुमचा मालक भरतोच. पण मजुरांना तो दाखला देतं कोण? मुकादम देत नाही, कारण दाखल्यावर सही म्हणजे आपण कामावर ठेवलं याची कबुली. तुमच्या हजेरीपुस्तकात दिवस मोजलेले आहेत. ठेकेदाराला समोर बसवून पात्र असलेल्या प्रत्येकाच्या दाखल्यावर सही घ्या, आधार आणि बँकेच्या पासबुकाच्या झेरॉक्स काढा, आणि अर्ज ऑनलाइन भरून द्या. दोन रविवार लागतील. त्याच वेळी प्रत्येकाच्या गावाकडच्या माणसाचा फोन नंबर आणि रक्तगट हजेरीपुस्तकात लिहून घ्या, आणि जवळचं चोवीस तास चालू असलेलं हॉस्पिटल कुठलं ते गेटवर लावा, १०८ नंबरासह.